दोआई: स्टेशन जागेवरच राहिलं, लाईन सत्तर मीटर खाली गेली

जपानमधल्या मिनाकामीहून सुटलेली दोन डब्यांची लोकल नऊ-दहा मिनिटांत दोआईला येते. यातला दुसरा अर्धा प्रवास पूर्ण काळोखातला, त्यामुळे स्टेशन आलंय हे अनाउन्समेंटवरूनच कळतं. दरवाजा आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. मी गेलो होतो ऑगस्टमध्ये, बाहेर घामाच्या धारा लागलेल्या, आणि इथे दार उघडलं तर फ्रिज उघडल्यासारखी गार दमट हवा अंगावर आली आणि चष्म्यावर धुकं धरलं. माझ्यासोबत चार-पाच जण उतरले. गाडी गेली, तिचा आवाज बोगद्यात बराच वेळ घुमत राहिला, मग फक्त पाणी ठिबकण्याचा आवाज. प्लॅटफॉर्मच्या कडेला एक पाटी आहे, तिच्यावर स्वागत आहे, आणि स्वागतातच सांगून टाकलंय की जिना ३३८ मीटरचा आहे, पायऱ्या ४६२, वर गेल्यावर अजून १४३ मीटर चालायचंय, त्यात आणखी २४ पायऱ्या, गेटपर्यंत साधारण दहा मिनिटं लागतील, जपून या. एकूण ४८६ पायऱ्या. आपली पुण्याची पर्वती १०३ पायऱ्यांची, म्हणजे हिशोब करा.

या स्टेशनला जपानी लोक कौतुकाने 'मोगुरा एकी' म्हणतात. मोगुरा म्हणजे जमिनीखाली बिळं करत फिरणारा तो जवळजवळ आंधळा प्राणी, आपल्याकडच्या चिचुंद्रीच्या तोंडवळ्याचा. 'जपानमधलं नंबर एकचं मोगुरा स्टेशन' असं खुद्द त्या पाटीवरच लिहिलंय. आणि बाहेरच्या जगात याची ओळख काय, तर "बघा बघा, किती खोल स्टेशन बांधलंय". माझा सगळा मुद्दा इथूनच सुरू होतो, कारण असं खोल स्टेशन कुणी बांधलेलंच नाही. स्टेशनची इमारत वर उघड्यावर आहे, टोकियोकडे जाणारा प्लॅटफॉर्मही वर उघड्यावरच आहे, १९३१ पासून जागा तीच आहे. खाली गेली ती लाईन, आणि तीही दोनपैकी एकच. दोन बोगदे, दोन काळातले, ३६ वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन निर्णय, आणि दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर. त्यांच्यामधलं जे अंतर उरलं ते भरून काढायचं काम पॅसेंजरच्या गुडघ्यांकडे आलं. बस्स, हीच केस आहे.

आधी जागा समजून घेऊ. गुन्मा प्रांताच्या उत्तर टोकाला मिनाकामी, आणि त्याच्याही वर तानिगावा-दाके नावाचा डोंगर. डोंगररांगेच्या पलीकडे एचिगो, म्हणजे आजचा नीगाता प्रांत. जोशू आणि एचिगो या दोन जुन्या प्रदेशांची नावं जोडून लाईनचं नाव पडलं जोएत्सु. जपानच्या समुद्राकडून येणारे ढग याच रांगेला अडतात, त्यामुळे हिवाळ्यात बर्फ बेसुमार. ही रांग ओलांडायचा सरकारने पहिला मोठा प्रयत्न केला तो रस्त्याचा. शिमिझु खिंडीतून १८८५ मध्ये गाजावाजा करून रस्ता उघडला आणि दरडी आणि बर्फाने तो थोड्याच काळात खाऊन टाकला. गंमत म्हणजे तो रस्ता नकाशावर अजून आहे, राष्ट्रीय मार्ग २९१, पण खिंडीतल्या भागात गाडी जाऊच शकत नाही. दोआई स्टेशनच्या समोरून जातो तो हाच २९१. नाव राष्ट्रीय मार्ग, आणि पुढे जाऊन पायवाट.

मग रेल्वे. त्याआधी टोकियोहून नीगाताला जायचं तर मोठा वळसा घ्यावा लागायचा, एक तर उसुई घाटातून, जिथे चढ एवढा खडा की रुळांच्या मधे दातेरी पट्टी बसवून गाडी चढवायचे, नाहीतर पूर्वेकडून आइझुमार्गे. डोंगर सरळ पार केला तर जवळपास शंभर किलोमीटर वाचणार होते. म्हणून १९२२ मध्ये शिमिझु बोगद्याचं काम सुरू झालं आणि १९३१ मध्ये संपलं. लांबी ९,७०२ मीटर, तेव्हा जपानमधला सगळ्यात लांब, आणि हा मान त्याने १९६२ पर्यंत टिकवला.

आता इथे थोडं थांबायला पाहिजे कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. डोंगरातून बोगदा काढताना दोन पर्याय असतात. पायथ्याशी काढला तर लांब होतो पण गाडीला चढावं लागत नाही. वर काढला तर डोंगर तिथे अरुंद असतो म्हणून बोगदा आखूड होतो, पण मग गाडी त्या उंचीपर्यंत चढवायची कशी हा प्रश्न. १९२० च्या दशकातल्या ड्रिल आणि पंपांच्या जोरावर दहा किलोमीटरच्या पुढे जायची हिंमत नव्हती, म्हणून बोगदा वर काढला. आणि चढण्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक लूप टाकलं, म्हणजे लाईन डोंगराच्या पोटात गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून जाते, अंतर वाढतं, चढ सुसह्य होतो. दक्षिणेला युबिसोचं लूप, उत्तरेला मात्सुकावाचं. एवढ्या लांब बोगद्यात वाफेचं इंजिन नेलं तर आतले लोक गुदमरणार, म्हणून हा घाटाचा भाग १९३१ पासूनच विजेवर.

पण लाईन होती सिंगल. सिंगल लाईनवर समोरासमोरच्या गाड्यांना क्रॉसिंगसाठी जागा लागते, आणि दहा किलोमीटरचा बोगदा मधे असेल तर त्याच्या दोन्ही तोंडांशी तर लागतेच (बोगद्याच्या पोटातही एक ठेवली होती). दक्षिण तोंडाशी केलेली क्रॉसिंगची जागा म्हणजे दोआई. १ सप्टेंबर १९३१ ला लाईनसोबतच सुरू झाली, पण स्टेशन म्हणून नाही, सिग्नलची चौकी म्हणून. हे महत्त्वाचं आहे. दोआईत गाव नव्हतं, बाजार नव्हता, कुणाला तिथे उतरायचं होतं म्हणून ती जागा निवडलेली नाही. बोगद्याचं तोंड जिथे आलं तिथे थोडी सपाटी हवी होती, ती मिळाली, संपलं. पाच वर्षांनी, १९ डिसेंबर १९३६ ला तिला रीतसर स्टेशनचा दर्जा मिळाला.

तिथे उतरणारं गिऱ्हाईक कोण, तर डोंगर चढणारे. तानिगावा-दाकेची उंची फक्त १,९७७ मीटर, आकड्यावर जाऊ नका. पूर्वेकडच्या बाजूला इचिनोकुरासावाचे जे कडे आहेत ते जपानमधल्या सगळ्यात अवघड कड्यांत धरले जातात, हवा तासाभरात फिरते, आणि या एका डोंगरावर आजवर आठशेहून जास्त माणसं गेलीत. आठ हजार मीटरच्या कुठल्याही शिखरावर एवढे मृत्यू नाहीत. तरी लोक यायचे, उलट त्यामुळेच यायचे असं म्हणा, आणि सोय अशी होती की टोकियोच्या उएनो स्टेशनला रात्री गाडीत बसलं की पहाटेच्या आधी थेट डोंगराच्या पायथ्याशी. युद्धानंतर पगारदार तरुणांना शनिवारी संध्याकाळी सुटून सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं असायचं, त्यांच्यासाठी दोआईसारखी दुसरी जागा नव्हती.

तर १९६० चं दशक आलं, नीगाताकडची गर्दी आणि मालगाड्या वाढल्या, आणि सिंगल लाईन पुरेना. डबल करायचं ठरलं. १९६३ मध्ये नव्या बोगद्याचं काम सुरू झालं, शिन-शिमिझु, 'शिन' म्हणजे नवा. आणि बघा, चाळीस वर्षांत तंत्र एवढं पुढे गेलेलं की जो बोगदा आधी नऊ वर्षं खाऊन गेला त्याच्यापेक्षा लांब, जवळजवळ साडेतेरा किलोमीटरचा, चार वर्षांत झाला. लांबीची भीती गेल्यामुळे वर चढायची गरजच उरली नाही. नवी लाईन युबिसोजवळच डोंगरात शिरली, लूप वगैरे काही नाही, आणि जवळजवळ नाकासमोर पलीकडे निघाली. जुनी लाईन उखडली नाही, कशाला उखडतील, चांगली चालती होती. तिच्यावर टोकियोकडे जाणाऱ्या गाड्या ठेवल्या, नव्या बोगद्यात नीगाताकडे जाणाऱ्या घातल्या. टोकियोकडे जाणारी ती अप आणि टोकियोपासून लांब जाणारी ती डाऊन, आपल्या सेंट्रलवर मुंबईकडे येणारी गाडी अप असते तसंच.

आता अडचण लक्षात आली असेल. दोआईची वरची इमारत समुद्रसपाटीपासून ६५३.७ मीटरवर आहे, अप गाडी तिच्याजवळच येते. डाऊन गाडी त्याच दोआईच्या बाजूने जाते पण ५८३ मीटरवर, डोंगराच्या आत. फरक ७०.७ मीटर, साधारण वीस-बावीस मजली बिल्डिंग.

यावर काय करता आलं असतं? डाऊन गाडीचा थांबाच रद्द करता आला असता, पण मग टोकियोहून येणारे सगळे डोंगरवाले, म्हणजे जवळजवळ सगळंच गिऱ्हाईक, मिनाकामीला उतरून बसने आलं असतं, आणि येणारे लोक डाऊन गाडीनेच येतात ना. किंवा लिफ्ट, एस्केलेटर. त्यातलं अर्धं केलं, ते पुढे सांगतो. शेवटी जे केलं ते सगळ्यात स्वस्त आणि सरळ होतं. नव्या बोगद्यात प्लॅटफॉर्म खोदला, तिथून वर तिरकं एक भुयार काढलं, त्यात पायऱ्या ओतल्या, आणि २८ सप्टेंबर १९६७ ला चालू केलं. मला तरी यात कुठेही 'वेडे जपानी' असं काही दिसत नाही. रात्री दोनला उतरून सकाळी कडा चढायला निघालेल्या माणसाला ४८६ पायऱ्यांचं काय? बाकीच्यांचं काय हा प्रश्न मात्र तेव्हा फारसा कुणी विचारलेला दिसत नाही.

मांडणी नीट सांगतो, कारण फोटोत फक्त जिना दिसतो. वरची इमारत टोकदार उतरत्या छपराची, डोंगरातल्या हटसारखी, आणि स्टेशनच्या वापराच्या मानाने अवाढव्य. आत शिरलं की जुनं तिकीट गेट. गेटमधून एका बाजूला गेलं की चार पावलांवर अप प्लॅटफॉर्म, उघडा, साधा, गवत उगवलेलं. दुसऱ्या बाजूला गेलं की लांब बंदिस्त कॉरिडॉर लागतो, खिडक्या धुळकट, आणि हा कॉरिडॉर पूल आहे, खालून २९१ नंबरचा रस्ता आणि युबिसो नदी जाते. म्हणजे ज्या डोंगरात नवा बोगदा आहे तो नदीच्या पलीकडचा, स्टेशन अलीकडे, ही गोष्ट जिन्यात उभं राहून अजिबात कळत नाही. पूल संपला की दोन ठिकाणी थोड्या पायऱ्या, आणि मग एकदम जिन्याचं तोंड. वरून बघितलं तर खालचं टोक दिसतं पण माणूस दिसत नाही, मुंगी दिसते.

जिना पाच-पाच पायऱ्यांच्या टप्प्यांत आहे, पाच पायऱ्या मग थोडी सपाटी, पुन्हा पाच. हे चढायला सोपं पडेल म्हणून केलं असावं, पण माझा अनुभव उलटा, चाल बसतच नाही, दर सपाटीला पाय बदलतो. मधेमधे पायऱ्यांवर आकडे रंगवलेत, वाटेत बसायला बाकं आहेत. मी दोनशेच्या आसपास एका बाकावर टेकलो, बाकाची फळी गार आणि ओलसर, आणि बाजूला बघत बसलो. जिन्याच्या कडेला तेवढ्याच लांबीची एक रिकामी पट्टी सोडलेली आहे, वरपासून खालपर्यंत, ओबडधोबड काँक्रीट, त्यावरून डोंगराचं पाणी झिरपत खाली जातं. तीच एस्केलेटरची जागा. पुढेमागे गर्दी वाढली तर बसवू म्हणून १९६७ मध्ये ठेवून दिलेली. अजून पाणीच वाहतंय.

स्टाफ होता त्या काळात इथे एक नियम होता तो मला फार आवडतो. डाऊन गाडीसाठी तिकीट तपासणी गाडी यायच्या दहा मिनिटं आधीच बंद करायचे. कारण त्यानंतर आत सोडलेला माणूस पळाला तरी गाडीला पोचणार नाही, आणि ४६२ ओल्या पायऱ्यांवरून पळणारा माणूस कुठल्याच रेल्वेला नको असतो. आणि उलट दिशेचं दृश्य डोंगरवाल्यांच्या आठवणींत अजून आहे, रात्रीची गाडी बोगद्यात थांबली की पाठीवर बोजे घेतलेली पोरं दार उघडताच जिन्याकडे धावत सुटायची, कारण कड्यावर जो आधी पोचतो त्याला चढाईची वाट मिळते. ती एवढी मोठी इमारत, तो रुंद जिना, ती राखीव पट्टी, सगळं या धावणाऱ्या गर्दीच्या हिशोबाने बांधलेलं आहे.

आणि गर्दी आटली. ती एका फटक्यात आटली नाही, पण तारखा बघितल्या की गोष्ट कळते. १५ नोव्हेंबर १९८२ ला जोएत्सु शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली, त्याच डोंगराखालून तिसरा बोगदा काढून, दाई-शिमिझु, 'दाई' म्हणजे मोठा, २२ किलोमीटरच्या वर. (तो खोदताना एवढं पाणी लागलं की रेल्वेने पुढे ते बाटलीत भरून विकायला काढलं, मिनरल वॉटर म्हणून, आणि ते खपलं पण.) उएनोहून नीगाताला धावणारी जुन्या लाईनवरची 'तोकी' एक्स्प्रेस त्याच दिवशी बंद. आता डोंगरावर जाणारा माणूस शिनकान्सेनने जोमो-कोगेनला उतरतो, बाहेर बस उभी असते, बस थेट रोपवेपर्यंत नेते. १९८५ च्या मार्चमध्ये दोआईचा स्टाफ काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच डोंगररांगेतून कानएत्सु एक्स्प्रेसवेचा जवळजवळ अकरा किलोमीटरचा बोगदा उघडला आणि कारवालेही सुटले. एका डोंगराला चार भोकं पडली, आणि दोआई सगळ्यात जुन्या दोघांच्या वाट्याला आलेलं. एस्केलेटर न बसवल्याबद्दल रेल्वेला नावं ठेवणारे भेटतात, माझं मत उलटं आहे, बसवला असता तर तो गंजून बंद पडलेला एस्केलेटर आणि त्याला लावलेली साखळी आज आपल्याला बघावी लागली असती.

बोगद्यातली स्टेशनं जपानमध्ये आणखी आहेत. शेजारचंच युबिसो घ्या, त्याचाही डाऊन प्लॅटफॉर्म याच शिन-शिमिझुच्या आत आहे, पण बोगद्याच्या तोंडाला लागून, म्हणून तिथे हा तमाशा नाही. म्हणजे निर्णय एकच, बोगदा एकच, आणि एका स्टेशनला काही फरक पडला नाही तर पुढच्याला वीस मजले. नीगातात समुद्राकडच्या त्सुत्सुइशीलाही तीनशेच्या आसपास पायऱ्या उतरून बोगद्यात जावं लागतं, फक्त तिथे दोन्ही दिशांचे प्लॅटफॉर्म खालीच आहेत. दोआईचं वेगळेपण खोलीत नाहीच, ते या अर्धवटपणात आहे, एक पाय वर एक पाय खाली.

आणि या अर्धवटपणाचे काही मजेशीर परिणाम होतात. टोकियोहून येणाऱ्याला जिना चढावाच लागतो, पर्याय नाही. नीगाताहून येणारा वर उतरतो, चार पावलांत बाहेर, त्याला जिना असल्याचं कळणारही नाही. दोआईहून नीगाताकडे जायचंय आणि गुडघे दुखतायत? मग वरून अप गाडी पकडून उलट मिनाकामीला जायचं, तिथून डाऊन गाडीत बसायचं आणि दोआईच्या पोटातून न उतरता पुढे निघायचं. दिवसभरात दोन्ही बाजूंना मिळून गाड्या एवढ्या कमी की या उद्योगात अर्धा दिवस जातो. लिफ्ट नसलेल्या स्टेशनात व्हीलचेअरवाल्याने काय करायचं याला आजही हेच उत्तर आहे, आणि ते काही अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

तरी स्टेशन बंद झालेलं नाही. ही लाईन चालवणारी कंपनी जेआर ईस्ट आता तोट्यातल्या लाईनींचे आकडे जाहीर करते, त्यात मिनाकामी ते एचिगो-युझावा हा तुकडाही असतो. पण या लाईनवर मालगाड्या जातात, लूप आणि दोन्ही बोगदे त्यांच्यासाठी तरी लागतात, आणि लोकल चालत्या आहेत तोवर थांबा ठेवायला फार खर्च नाही. २०२० मध्ये स्टेशनच्या जुन्या ऑफिसच्या खोलीत कॅफे निघाला, नाव अर्थात मोगुरा, बाजूला तंबूत राहायची महागडी सोय झाली, आणि तिथल्याच एका क्राफ्ट बिअरवाल्याने जिन्याच्या भुयारात बिअर मुरत ठेवायचा प्रयोग केला, गारवा फुकट असल्यावर का नाही. मी गेलो तेव्हा माझ्यासोबत उतरलेल्यांपैकी एकाच्याही पाठीवर दोर नव्हता. सगळे जिना बघायलाच आलेले. क्रॉसिंगसाठी बांधलेली जागा आधी डोंगरवाल्यांनी आपली केली, आता पायऱ्या मोजणाऱ्यांनी.

वर पोचायला मला अकरा मिनिटं लागली, पाटीवरच्यापेक्षा एक जास्त, बाकामुळे. कॉफी घेतली, शर्ट वाळवला, आणि परतीला अप गाडीत उजेडातून बसलो, एकही पायरी न उतरता. थोड्या वेळाने गाडी डोंगराच्या कडेला आली आणि खाली दरीत एक प्लॅटफॉर्म दिसला, खेळण्यातला वाटावा एवढा. समोरच्या सीटवरच्या आजोबांनी काचेवर बोट टेकवून नातवाला सांगितलं, "युबिसो." पोरगं बघेपर्यंत गाडी लूपच्या बोगद्यात शिरली, गोल फिरली, आणि बाहेर आली तेव्हा आपण त्याच प्लॅटफॉर्मला लागलेलो होतो. पोरगं खिडकीला नाक लावून वर डोंगरात ती आधीची जागा शोधत बसलं.